पान एक्क्याण्णव

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज टपालाने आलेलं: पुस्तक एक, मराठी, जाड पुठ्ठ्याचं, वर क्रूस छापलेला, खुणेला जांभळी फीत. किंमत एकशे वीस. टपालखर्च अडुसष्ट. दोन्ही खर्च मिशनच्या ब्रदरनी भरले, पण मी आपल्या वहीत मांडून ठेवते, कधीतरी फेडायचे आहेत. पत्र एक.

माझा समर शनिवारी शिवपुरी रस्त्यावरच्या व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला. चार महिने होता. चेहरा भरला आहे, हात मात्र अजून कपबशी वाजवतात. तिथे त्याच्याकडे बघणारे ब्रदर आता मंडल्याकडे जंगलातल्या मिशन शाळेत गेलेत. फोनला रेंज नाही, म्हणून पत्र.

पत्रात रीत लिहिली आहे. रोज सकाळी सहाला एक पान, मोठ्याने. घरातल्या एकाने समोर बसून ऐकायचं. पान झालं की समरने कालचा दिवस खरा सांगायचा आणि आजचं बोलायचं: काल घेतली नाही, आज घेणार नाही. बस. पानांवर तारखा नाहीत, नुसते आकडे आहेत, जेव्हा सुरू करू तेव्हा एक.

हिंदी पुस्तक पाठवलं असतं तर समरला सोपं गेलं असतं. त्याची सगळी शाळा हिंदीत झाली, मराठी वाचताना अडखळतो, मला शेजारी बसून सांगावं लागणार. एवढे हुशार ब्रदर, त्यांना हे कसं सुचलं नाही!

पुस्तक देवघरात ठेवावं की नाही, बराच वेळ हातात धरून उभी होते. शेवटी शिवणयंत्रावर ठेवलं, खाली धुतलेला रुमाल घालून. कुठल्याही देवाचं असलं तरी पुस्तकच आहे.

मंगळवार, ७ जानेवारी

पान एक. आठ मिनिटं लागली. ‘बळ’ला ‘बल’ म्हणतो, ‘काळ’ला ‘काल’. मी तीनदा थांबवलं तसा हसला. “आई, भगवान को समझ में आ गया होगा, आगे बढ़ूँ?” किती महिन्यांनी हसला.

मग मान खाली घालून ते वाक्य म्हणाला. नंतर देवासला सोनलला फोन लावला आणि तिलाही तेच सांगितलं. सुनेने नुसतं ‘हं’ केलं आणि ठेवला.

सोनल दिवाळीच्या आधी गरिमाला घेऊन माहेरी गेली ती तिकडेच. तिच्या वडिलांनी, विक्रमसिंहांनी, मला स्पष्ट कळवलं आहे: तीन महिने एक थेंब नाही, तर मुलीला पाठवतो. नाहीतर वकील. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस. नव्वद पानं. मी आज देवापुढे पाणी सोडून संकल्प केला: नव्वद पानांचं पारायण पार पडू दे, माझी सून आणि नात घरी येऊ दे. ख्रिस्ती पोथीचा संकल्प भवानीपुढे करता येतो का, कोणाला विचारणार? केला.

मंगळवार, १४ जानेवारी

पान आठ. संक्रांत. उमाजी भाऊजी तिळगूळ घ्यायला आले. माझे धाकटे दीर, जयेंद्रगंजातच दोन घरं सोडून राहतात, त्यांच्यापासून काही लपत नाही.

“वहिनी, पहाटे प्रवचन चालतं म्हणे. पाणी शिंपडून घेतलं, का बाकी आहे अजून?”

समर आतून म्हणाला, “काका, तुम्हीपण या. संडे का आपका नंबर लगवा देता हूँ.”

भाऊजींचा रविवार कसा जातो ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. तिळगूळ घेऊन उठले. पण जाताना दारात मला हळूच म्हणाले, “व्याही यायच्या आत ते पुस्तक आवरा. मराठ्याच्या घरात क्रूस बघितला तर पोरगी पाठवतील का ते?”

हे माझ्या मनातही आलं होतं. 

बुधवार, १२ फेब्रुवारी

पान सदतीस. सिटी सेंटरला टायरच्या दुकानात बिलं बनवायचं काम लागलं समरला. टेम्पोने जातो, सहापर्यंत परत.

आजच्या पानात एका मळ्याच्या मालकाची गोष्ट होती. सकाळी मजूर लावतो, दुपारी आणखी लावतो, दिवस मावळायला तास उरला तेव्हाही लावतो. आणि मजुरी सगळ्यांना सारखी! मी मधेच म्हटलं, “हा कसला हिशेब? सकाळपासून उन्हात राबले त्यांनी काय करावं?”

समर पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, “मी संध्याकाळचा मजूर आहे ना, आई. मला तर बरं वाटलं.”

मला नाही पटलं. असा मळा दोन वर्षं चालणार नाही.

शुक्रवार, १४ मार्च

पान सदुसष्ट. धुळवड. दहा वाजल्यापासून खालून हाका. “समरजीत! ओ समरजीत! आज तो निकल, आज तो सब माफ है!” चार जण, रंगाने ओळखू न येणारे, एकाच्या हातात स्टीलचा डबा. मी गॅलरीतून म्हटलं, झोपलाय. तो माझ्या मागे उभा होता, दाराची कडी धरून. कडी खडखडत होती.

अकराला म्हणाला, “आई, बसतेस का?” आम्ही पुन्हा सदुसष्टावं पान वाचलं. बाराला परत. एका दिवसात तेच पान तीनदा वाचलेलं चालतं का, पत्रात काही लिहिलं नाही. तिसऱ्यांदा वाचताना त्याचा एक ‘ळ’ चुकला नाही. अंगातला सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

दोनला गल्ली शांत झाली. मी वरणभात टाकला. तो ताटावरच झोपून गेला, एवढा मोठा तेहतीस वर्षांचा बाप्या.

यांना जाऊन अकरा वर्षं झाली. लिव्हर. यांना अशा दिवशी मी कधी धरून ठेवलं नाही. घरात तमाशा नको म्हणून मीच पैसे काढून द्यायची आणि वहीत ‘औषध’ लिहायची, सासरे वही तपासत म्हणून.

रविवार, ३० मार्च

पान त्र्याऐंशी. गुढी उभारली. हिशेब केला, नव्वदावं पान बरोबर रामनवमीला येतं! अंगावर काटा आला. हा कौल नाही तर काय? विक्रमसिंहांना फोन केला. गुरुवारी १० तारखेला येऊन बघतो म्हणाले, सोनलला नंतर पाठवू.

रविवार, ६ एप्रिल

पान नव्वद. समाप्ती झाली. आईभवानीने लाज राखली.

पुरणाचा स्वयंपाक केला, मेहूण म्हणून उमाजी भाऊजी आणि जाऊबाईंना बसवलं. पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, लाल कापडात बांधलं, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. पाहुणे यायचे तेव्हा यांची बाटलीही मी त्याच पेटीत ठेवायची. कोरडी जागा आहे, वाळवी लागत नाही.

समर हात धुऊन आला. “आई, किताब कुठंय?”

“पारायण झालं रे. समाप्तीनंतर पोथी उघडायची नसते, फळ जातं.”

“ही पोथी थोडीच आहे? पुढे एक्क्याण्णव आहे ना.”

“पुढचं पुढे बघू. पाहुणे येऊन जाऊ देत.”

त्याने पुरणपोळी एकच खाल्ली. नव्वद दिवसांचा शीण उतरला असेल.

सोमवार, ७ एप्रिल

सहाला उठून बघते तर समर चटईवर बसलेला, यंत्रासमोर, हात मांडीवर. यंत्रावर नुसता रुमाल. मी चहा दिला. म्हणाला, “बस एक पन्ना, आई. चावी दे.” मी म्हटलं चार दिवस धीर धर, सोनलसाठी. सोनलचं नाव काढल्यावर उठला.

सोनलला फोन केला नाही आज. पॅक संपला असेल. मला म्हणाला असता तर रिचार्जचे दिले असते.

मंगळवार, ८ एप्रिल

साडेसातला आला. दुकानात माल उतरवायचा होता म्हणे. वेलदोडे चघळत होता. चहातसुद्धा मी एक वेलदोडा दोनदा वापरते आणि हा मूठभर चघळतो! पण मुखशुद्धी चांगलीच. आल्या आल्या आंघोळ करून झोपला. काम वाढलं म्हणजे मालकाचा विश्वास बसला.

गुरुवार, १० एप्रिल

विक्रमसिंह आले, बरोबर सोनलचा भाऊ. मी सकाळीच घर पुसून घेतलं. यंत्रावर फुलदाणी ठेवली. मनात म्हटलं, आता बघा म्हणावं, काय बघायचं ते.

जेवणं झाल्यावर व्याह्यांनी घसा साफ केला. “जावईबापू, आम्ही मुलीचे बाप. विचारावं लागतं. किती दिवस झाले?”

समरचे दोन्ही हात टेबलाखाली होते. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “नव्वद.”

“शाबास! आम्ही तीन महिने म्हटलं, तुम्ही पुरते केलेत.”

खरं तर आज चौऱ्याण्णव झाले. मी मनातल्या मनात दुरुस्त केलं, पाहुण्यांसमोर टोकलं नाही. मुलगा पहिल्यापासूनच हिशेबात कच्चा.

सोनल आणि गरिमा रविवारी निघतील. विक्रमसिंह निघताना म्हणाले, “विहीणबाई, तुमची तपश्चर्या.” मी पदराने डोळे पुसले. समर त्यांना सोडायला स्टेशनवर गेला तो साडेनऊला परतला. गाडी लेट असेल.

शनिवार, १२ एप्रिल

लिहायला हात होत नाही, पण न लिहिता सुटका नाही.

सकाळी सहाला मी कणीक मळत होते. आज गरिमासाठी शंकरपाळे करायचे होते. पलीकडून समरचा आवाज आला. मला वाटलं फोनवर आहे. डोकावले. चटईवर बसला होता, रिकाम्या यंत्राकडे तोंड करून, आणि मोठ्याने म्हणत होता, “काल घेतली. परवा घेतली. बुधवारी घेतली. मंगळवारी घेतली. सोमवारी घेतली.”

एकेक वार, उलटा.

परात माझ्या हातातून पडली तरी त्याने वळून बघितलं नाही. खिशातून फोन काढला, सोनलला लावला. मी धावले. कणकेचे हात, तसाच त्याचा हात धरला. “आज नको सांगू रे! उद्या येताहेत. येऊ देत. आल्यावर सांग, मी समजावीन तिला, चार दिवसांनी सांग!”

तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. अजिबात रागावला नव्हता, तेच मला सहन होत नाही. म्हणाला, “तुझ्या पेटीत अजून किती जागा आहे, आई?”

आणि फोनवर सोनलला पाचही दिवस सांगितले, माझ्यासमोर. मग फोन चटईवर ठेवला आणि चप्पल घालून निघून गेला. पावणेसात झाले होते.

दहाला सोनलचा फोन मला. मी म्हटलं, पोरी, मला काही माहीत नव्हतं ग.

ती रडत नव्हती. म्हणाली, “आई, तिकिटं बाबांनी परत केली. ते सोडा. मला एक सांगा. नव्वद दिवस हे रोज सकाळी मला सांगत होते. मी नुसतं हं म्हणायची, पण पावणेसहापासून फोन हातात धरून बसायची. सोमवारपासून एकदम गप्प. रविवारी काय झालं घरात?”

मी म्हटलं, “काही नाही ग. उद्यापन झालं.”

“कसलं उद्यापन?”

मी सांगितलं. पेटीचंही सांगितलं.  मग ती हळू म्हणाली, “आई, ते पुस्तक वाचण्यासाठी नव्हतं. पुस्तक उघडं असलं की त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.”

मग कुलूप काढलं. लाल कापड सोडलं. फीत नव्वदाच्या पानातच होती. पुस्तक यंत्रावर ठेवलं, फुलदाणी काढून. शंकरपाळ्यांची कणीक तशीच सुकली.

तो पाचपर्यंत आला नाही. उमाजी भाऊजी दोनदा येऊन गेले. “बघून येऊ का, वहिनी? दारूचे ठेके मला माहीत आहेत.” मी नको म्हटलं. पूर्वी यांना शोधायला मी कितीदा माणसं पाठवली, आणि आणून निजवलं की सकाळी काही झालंच नाही असं दाखवलं.

सव्वापाचला जिन्यावर पावलं. बाड्याच्या चौकात एका बाकावर बसून होतो म्हणाला. तोंडाला कसलाच वास नव्हता, वेलदोड्याचाही नाही. यंत्रावरचं पुस्तक बघितलं आणि तिथेच उंबऱ्यात बसला.

रविवार, १३ एप्रिल

सहाला मी आधीच चटईवर होते. समर आला, पण बसेना.

“कुठून?” त्याने विचारलं.

मी पुस्तक हातात घेतलं आणि मलाच कळेना. आमच्यात खंडित झालेलं व्रत पहिल्यापासून धरतात. माझ्या आईचा एक सोमवार चुकला तर ती सोळाही नव्याने करायची. मी म्हटलं, “एकपासून बहुतेक.”

त्याचा चेहरा पडला. “फिर एक से. माझं सगळं नेहमी एकपासूनच असतं, आई. नव्वद गए पानी में.” वळून कोपऱ्यात बघू लागला. मग धुळवडीच्या दिवशी धरली होती तशी दाराची कडी धरली. मला भीती वाटली की आता हा जिना उतरेल.

मी घाईने म्हटलं, “मग एक्क्याण्णव?”

“तू माझी आई आहेस. तू तो बोलेगी ही.”

मी चष्मा लावला आणि नव्वदावं पान मीच वाचायला घेतलं, जिथे फीत होती ते. मोठ्याने. दोन ओळी मी वाचल्यावर तो समोर येऊन बसला. पान संपल्यावर तो म्हणाला, “काल घेतली नाही.” पुढचं म्हणेना.  खाली दूधवाला हाक मारून गेला. मग म्हणाला, “आज घेणार नाही.”

नंतर माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं चहा हवा असेल. उठायला लागले तर म्हणाला, “बस. तू पण.”

मला घाम फुटला. मॅट्रिकच्या तोंडी परीक्षेत फुटला नव्हता एवढा. शेवटी म्हटलं, “परवापर्यंत लपवलं. आज लपवणार नाही.”

त्याने सोनलला फोन लावला. तिचं ‘हं’ मला इथपर्यंत ऐकू आलं.

सोमवार, १४ एप्रिल

आजही नव्वदावंच पान. वाक्यं दोघांनी म्हटली. दुकानात आज सांगून येतो म्हणाला, काय सांगतो कोण जाणे. सहाची वाट बघते आहे. आज पोस्टाला सुट्टी, उद्या सकाळी टाकायचं पत्र लिहिलं, त्याची नक्कल:

ब्रदर यांस, मंदाकिनीचा नमस्कार.

आपण पाठवलेलं पुस्तक आम्ही ७ जानेवारीपासून रोज वाचलं. नव्वद पानं झाली. मग ते माझ्या हातून बंद झालं. मी समरला म्हटलं पारायण संपलं, उद्यापन केलं. ते खरं कारण नव्हतं. व्याही येणार होते आणि पुस्तकावर क्रूस होता, म्हणून मी ते पेटीत ठेवलं. त्यानंतर पाच दिवस समरने घेतली. दोष माझा धरावा, त्याने मात्र सगळं आपल्याकडेच घेतलं आहे.

सून आलेली नाही. वकिलाचं अजून काही कळलं नाही. समर दोन दिवस कोरडा आहे. सून पूर्वी भांडणातसुद्धा त्याचं एवढं ऐकून घेत नसे, आता रोज फोन धरून ऐकते.

आता माझी अडचण अशी. पुढचं पान कोणतं? आमच्या रीतीने खंड पडला की एकपासून. तो एकपासूनला बसायला तयार नाही, तोंडाने म्हणत नाही पण मला दिसतं, एक म्हटलं की तो उठून जाईल. आणि एक्क्याण्णव मी म्हटलं तर आईचा लाड म्हणतो. म्हणून आम्ही रोज नव्वदच वाचतो आहोत. असं किती दिवस चालेल, मला माहीत नाही. संध्याकाळ झाली की माझे कान जिन्याला लागतात.

सदतिसाव्या पानावर तो मळ्याचा मालक आहे. मी तेव्हा त्याला नावं ठेवली होती. त्याला विचारलं तर तो काय सांगेल, ते मला आता कळल्यासारखं वाटतं. पण समरला ते माझ्या तोंडून नको आहे, ब्रदर, आपल्या हातच्या अक्षरात हवं आहे.

पुस्तकाचे एकशे वीस आणि टपालाचे अडुसष्ट माझ्याकडे निघतात, ते मनीऑर्डरने पाठवते. सोबत आमचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं रिकामं पाकीट जोडलं आहे. लांब लिहू नये, वेळ जाईल. एक, की एक्क्याण्णव, एवढाच आकडा उलट टपाली कळवावा.